द्रौपदाबाईंचा आकडा

द्रौपदाबाईंच्या रक्ताचा आकडा धुळ्यात घसरायचा आणि जळगावात चढायचा. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. घरात आता त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं, भांडण तेवढं उरलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी नाशिकला त्यांची छाती उघडून हृदयातली एक झडप बदलली. नवी झडप धातूची. द्रौपदाबाई जप करत शांत बसल्या की त्यांच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची, आणि पाहुणे आधी भिंतीकडे बघायचे, मग मनगटाकडे, आणि मग कानकोंडे होऊन पाणी मागायचे. त्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि गोळी कमी पडते की जास्त होते हे कळायला दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी. तपासणीत एक आकडा येतो, त्याला आय.एन.आर. म्हणतात. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये असावा. फार खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते, फार वर गेला तर साधं बोट कापलं तरी रक्त थांबता थांबत नाही.

द्रौपदाबाई एक महिना थोरल्या समाधानकडे धुळ्यात, देवपूरला राहायच्या आणि एक महिना धाकट्या भिकनकडे जळगावात. धुळ्यात आकडा यायचा दीड, पावणेदोन. धुळ्याचे डॉक्टर पाव गोळी वाढवायचे. वाढवलेली गोळी घेऊन बाई जळगावात गेल्या की पंधरा दिवसांत आकडा साडेचार. हातावर निळेजांभळे डाग. जळगावचे डॉक्टर गोळी कमी करायचे. कमी केलेली गोळी घेऊन बाई परत धुळ्यात, की पुन्हा दीड.

समाधान वीज मंडळात मीटरचे आकडे घ्यायचा. भिकन डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर होता. दोघांचंही पोट आकड्यांवर, त्यामुळे दोघांनाही एकमेकांच्या आकड्यावर विश्वास नव्हता.

"तुमच्या जळगावची मशीन उन्हानं तापते," समाधान फोनवर म्हणायचा. "पंचेचाळीस डिग्रीत रक्तच काय, डांबर पण पातळ होतं."

"आणि तुमच्या धुळ्याची मशीन हायवेच्या ट्रकनं हादरते, भाऊ. आमच्याकडे निदान काटा सरळ उभा राहतो."

सुना बोलायच्या नाहीत. पण धुळ्याच्या पुनमला वाटायचं मयुरी आईंना मसालेदार घालते, आणि जळगावच्या मयुरीला वाटायचं पुनम वेळेवर गोळी देत नाही. दोघी आपापल्या घरी सहाच्या ठोक्याला गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन अशा उभ्या राहायच्या, जशी आरती ओवाळायचीय.

द्रौपदाबाई कुणालाच दोष देत नव्हत्या. त्यांचं सारं लक्ष त्यांच्या व्रताकडे होतं.

हे व्रत त्यांनी ऑपरेशननंतर, पहिला आकडा चुकला त्या दिवशी धरलं. रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, गायीला मेथीची हिरवी जुडी घालायची. गायीनं तोंड लावण्याआधी त्यातली मूठभर पानं बाजूला काढायची आणि तिचं खाणं होईपर्यंत उभ्या उभ्या, कच्चीच, प्रसाद म्हणून चावून खायची. आकडा ठिकाणावर येईपर्यंत हे करायचं, आणि तोवर कुठल्याही माणसाजवळ व्रताचा उच्चार करायचा नाही. बोललेल्या व्रताचं फळ वाऱ्यावर जातं, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं आणि त्यांचा अनुभवही तसाच होता. समाधानच्या नोकरीच्या वेळी त्या शेजारणीजवळ एक शब्द बोलल्या, तर त्याची ऑर्डर सहा महिने अडकली होती.

धुळ्यात गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची गाय सकाळी सातला हजर असायची. तेव्हा घरातले सगळे झोपेत नाहीतर मोबाइलमध्ये. व्रत निर्विघ्न चालायचं. आकडा घसरला की द्रौपदाबाईंना वाटायचं, आपलीच सेवा कमी पडतेय. मग त्या मुठीच्या दोन मुठी करायच्या. पुन्हा घसरला, की अर्धी जुडी. दीड वर्षात गाय अशी गरगरीत झाली की दूधवाला तिला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून पायात काळा दोरा बांधून गेला.

जळगावात भिकनचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तिथे गाय चढत नाही आणि मयुरी आईंना एकटीला लिफ्टमध्ये पाय ठेवू देत नाही. पण परगावी, अडचणीत, व्रत मनोमन केलं तरी चालतं. द्रौपदाबाई गॅलरीत डोळे मिटून उभ्या राहायच्या, मनातल्या गायीला मनातली मेथी घालायच्या आणि मनातली मूठ चावून खायच्या. मग पंधरा दिवसांनी आकडा चढायचा. त्यांचा हिशेब साधा होता. धुळ्यात केलेल्या सेवेचं फळ जळगावात पोचायला वेळ लागतो, आणि पोचतं ते एकदम.

डॉक्टर विचारायचे नाहीत असं नाही. धुळ्याचे डॉक्टर दर वेळी विचारायचे, "पालेभाजी खाता का, बाई? पालेभाजीनं गोळीचा जोर मरतो."

"नाही हो," द्रौपदाबाई हळू आवाजात सांगायच्या. खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. भाजी ती भाजी, जी चिरून फोडणीला टाकतात. प्रसाद हे काही खाणं नव्हे. निर्जळी उपासाच्या दिवशीसुद्धा तीर्थाचा थेंब घेतला तर उपास मोडत नाही, हे कुणाला सांगायला लागतं का?

मग एकदा धुळ्यात पुन्हा आकडा दीड आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला.

"समाधानभाऊ, आता थट्टा पुरे. पुढचा आकडा दोनच्या खाली आला तर दाखल करावं लागेल. गुठळी धरली असेल तर कदाचित पुन्हा छाती उघडावी लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा म्हणजे मी कशाचीच हमी देत नाही."

द्रौपदाबाईंचा हात आपोआप छातीवरच्या जुन्या व्रणाकडे गेला. पहिल्या वेळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी देवाला एकच सांगितलं होतं, मरण दे, पण ही करवत पुन्हा नको. त्या रात्रभर उशी छातीशी धरून खोकल्या होत्या, आणि प्रत्येक खोकल्याला हाडं वेगळी होताहेत असं वाटलं होतं. घरी येता येता रिक्षात त्यांनी मनाशी ठरवलं, आता पुरी जुडी.

त्या रविवारी दोघे भाऊ धुळ्यात बसले. भिकननं वहीच्या पानावर मांडलं.

"भाऊ, हे बघ. धुळ्यात दीड, जळगावला साडेचार. बेरीज सहा. निम्मे किती?"

"तीन."

"आणि तीन म्हणजे?"

"अडीच आणि साडेतीनच्या बरोब्बर मध्ये," समाधान सावकाश म्हणाला.

"मग आई जर धुळ्याच्या आणि जळगावच्या मध्ये राहिली..."

पुनम हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरून ऐकत राहिली. कुणीच हसलं नाही.

"मध्ये येतं पारोळं," समाधान म्हणाला. मग मीटरवाल्याच्या काटेकोरपणानं पुढे, "पण पारोळं मध्यावर नाही. ते धुळ्याच्या अंगाला आहे. तिथे आकडा येईल दोन पॉइंट सहाच्या आसपास."

"दोन पॉइंट सहा काय वाईट आहे? अडीचच्या वरच आहे ना?"

"काठावर आहे. एरंडोलकडे दहा-बारा किलोमीटर सरकलं तर छान तीन येईल."

"तिथे आपलं आहे कोण? आई काय शेतात राहील?"

पारोळ्यात द्रौपदाबाईंची मावसबहीण होती, बेबाबाई. तेव्हा ठरलं पारोळं. आईला कुणी विचारलं नाही, आणि आईनं विचारलं ते एवढंच, "बेबाकडे गाय आहे ना रे अजून?"

"दोन आहेत," समाधान म्हणाला. "का गं?"

"काही नाही. दूध चांगलं असतं."

दोन गायी! द्रौपदाबाईंना हा थेट वरून आलेला कौल वाटला.

बेबाबाई दारातच उभी होती. "ये वं अक्का, ये. घर तुन्हंच शे." तिच्या दोन्ही गायी मागच्या अंगणात होत्या, आणि मेथीचा वाफा विहिरीला लागून. बाजारातून आणायचीही गरज नाही. द्रौपदाबाई पहाटे उठायच्या, दोन गायींना दोन जुड्या घालायच्या आणि आपण दोन्हींचा प्रसाद घ्यायच्या. बेबाबाईला वाटलं, शहरात राहून अक्काला हिरव्याची हौस वाटते. तिनं वाफ्याला जास्तीचं पाणी सोडलं.

पंधराव्या दिवशी तपासणी. पारोळ्यात रक्त फक्त काढून घेतात, तपासायला बाहेर पाठवतात. तिथल्या माणसानं दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "धुळ्याच्या गाडीला देऊ की जळगावच्या?"

द्रौपदाबाईंनी बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाईनं फोन लावला. समाधान म्हणाला, धुळ्याला. भिकनला जोडून घेतलं, तो म्हणाला, मग त्या पारोळ्याला पाठवून उपयोग काय, भाऊ, माप शेवटी तुझ्याच काट्यावर! पाच मिनिटं दोघांचं चाललं. रक्तवाला पट्टा धरून उभा होता, हात निळा पडत चालला होता. शेवटी त्यानंच निकाल दिला. निळ्या टोपणाच्या दोन नळ्या घेतल्या, दोन्ही रेघेपर्यंत भरल्या, एक धुळ्याच्या एस.टी.ला, एक जळगावच्या.

"तुन्हं रगत एस्टीमा बसी गयं का वं?" बेबाबाई घरी येताना म्हणाली. "माले तं उभं राहाले बी जागा भेटत नही!"

संध्याकाळी सहाच्या गोळीनंतर दोन्ही फोन पाठोपाठ आले. धुळ्याचा आकडा एक पॉइंट तीन. जळगावचा आकडा एक पॉइंट तीन.

दीड वर्षात पहिल्यांदाच दोन्ही जिल्ह्यांचं एकमत झालं होतं. भिकनला फोनवर भांडायला काही उरलं नाही, म्हणून तो रडला.

"बठ्ठा खेय त्या आकडाना शे," सगळा खेळ त्या आकड्याचाच, असं पुटपुटत बेबाबाईनं पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई धुळ्याच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी दाखल करायचं लिहून दिलं. समाधान कठड्याशी टेकून संमतीचा कागद वाचत होता. कागदावर एक ओळ होती, 'गरज भासल्यास शस्त्रक्रिया', आणि त्याच्या हातातलं पेन त्या ओळीपाशी येऊन थांबत होतं.

"एकदा इथेच परत रक्त बघू," डॉक्टर म्हणाले. "शिल्पा, तूच घे."

प्रयोगशाळेतली शिल्पा द्रौपदाबाईंना दीड वर्ष ओळखत होती. तिनं कधी दुसऱ्यांदा सुई टोचली नव्हती. तिनं नळी भरली, टोपण लावलं, आणि ती हलकेच उलटसुलट करत म्हणाली, "आजी, गोळी तीच, माणूस तोच, मशीन दोन्हीकडची बरोबर. मशीनला फक्त रक्त दिसतं. तुम्ही दिवसभर काय करता ते तिला दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं."

द्रौपदाबाई टोचल्या जागेवरचा कापूस दाबत बसल्या.

"काही व्रत-बित चालू आहे का? आमची आजी पौर्णिमेला अष्टशील पाळते, ती पण आपणहून सांगत नाही. दुपारनंतर जेवत नाही म्हणजे काय, हे आम्हाला तिला चक्कर आली तेव्हा कळलं."

द्रौपदाबाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. समाधाननं पेनचं टोपण काढलं होतं. सांगितलं तर दीड वर्षाची सेवा जाते. नाही सांगितलं तर करवत. त्यांनी डोळे मिटले, आणि देवाला मनातल्या मनात विचारलं, माणसाला सांगायचं नाही असं मी बोलले होते ना, बाबा? माणसालाच ना?

त्यांनी डोळे उघडले. "पोरी, ती नळी जरा माझ्या हातात दे."

"का?"

"माझंच रक्त आहे ना?"

शिल्पानं नळी दिली. अजून कोमट होती. द्रौपदाबाईंनी ती दोन्ही तळहातांत धरली, तोंडाजवळ नेली आणि तिच्याशी बोलू लागल्या. स्वतःच्या रक्ताला सांगणं म्हणजे दुसऱ्या माणसाला सांगणं नव्हे, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"हे बघ, तुला ठाऊकच आहे," त्या नळीला म्हणाल्या. "मी रोज गायीला मेथी घालते. त्यातली मूठभर प्रसाद म्हणून आपण घेतो. आपल्यासाठीच घेतो, तू नीट पातळ राहावंस म्हणून. आधी मूठ होती. तू ऐकेनास म्हणून दोन झाल्या. मग अर्धी जुडी. बेबाकडे रोज दोन जुड्यांचा प्रसाद झाला. जळगावात गाय नाही, तिथे मनातली घेतो. आता यात काही चुकलं असेल तर तूच सांग."

शिल्पा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मागून कळत नव्हतं. मग ती वळली, नळी घेतली, यंत्रात ठेवली आणि पळतच डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी बाईंना समोर बसवलं. तपासणी पुन्हा झाली, छातीची सोनोग्राफी झाली. पडद्यावर धातूच्या झडपेच्या दोन्ही पाकळ्या उघडमीट करताना दिसत होत्या. गुठळी नव्हती. डॉक्टरांनी संमतीचा कागद समाधानच्या हातातून काढून घेतला. "छाती उघडायची गरज नाही. चार दिवस पोटात इंजेक्शनं, बस्स."

द्रौपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग अगदी हळू विचारलं, "आणि व्रत? बंद?"

समाधान उसळलाच. "बंद म्हणजे काय, आई! कायमचं—"

"तुम्ही थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग समाधानकडे. दीड वर्षात ही बाई एकदाही गोळी चुकली नव्हती, एकदाही वेळ चुकली नव्हती. अशा माणसाचं व्रत बंद करायला सांगितलं तर ती दुसरं धरणार, आणि ते काय असेल ते पुन्हा कुणालाच कळणार नाही. "मेथी खा. पण रोज तेवढीच. वीस ग्रॅम, काट्यावर मोजून. धुळ्यात वीस, जळगावात वीस. मनातली मेथी चालणार नाही. तुम्ही मेथी बदलायची नाही, मी गोळी तिच्यावर बसवतो."

"आणि गायीला किती?"

"ते गुरांच्या डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनी खरंच कागदावर लिहिलं, मेथीची पानं, कच्ची, वीस ग्रॅम, सकाळी सात, गायीसमवेत. खाली सही केली. औषधाच्या दुकानदारानं तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाला, यातली गाय आमच्याकडे नाही.

पुढचा सगळा त्रास भिकनला झाला. जळगावात सकाळी सातला गाय शोधायची. पहिले चार दिवस तो आईला स्कूटरवर बसवून गावभर फिरला. एक गाय भेटली ती बैल निघाली. शेवटी गोशाळेच्या दाराशी बोलणं झालं. तिथला माणूस विचारायचा, "दादा, नवस आहे का?" भिकन म्हणायचा, "नाही, प्रिस्क्रिप्शन आहे." मयुरीनं सोनाराकडचा असतो तसला छोटा काटा आणला. त्यावर ती एक एक पान टाकायची, आणि एकोणीस-वीसच्या मध्ये काटा थरथरला की देठ खुडून पूर्ण करायची. भिकन डाळ मिलमधून येऊन तो काटा स्वतः तपासून बघायचा.

पहिला आकडा आला दोन पॉइंट दोन. मग दोन पॉइंट सात. जळगावात दोन पॉइंट नऊ, आणि पुन्हा धुळ्यात दोन पॉइंट नऊ.

त्या दिवशी दोघे भाऊ पेढ्यांचा खोका घेऊन डॉक्टरांकडे आले. शिल्पाला दिला, रिसेप्शनवर दिला, डॉक्टरांनीही एक उचलला. द्रौपदाबाई नव्या लुगड्यात होत्या. त्यांनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "परवा उद्यापन आहे. तुम्ही सहकुटुंब यायचं. पाच सवाष्णी सांगितल्यात."

"कसलं उद्यापन?"

"व्रताचं. आकडा ठिकाणावर येईपर्यंतच बोलले होते मी. आला. आता परवापासून मेथी बंद."

डॉक्टरांचा पेढा तोंडाशीच थांबला. वीस ग्रॅम मेथीवर त्यांनी गोळी बसवायला तीन महिने घालवले होते. परवापासून ती बंद झाली की आकडा चढत चढत साडेचारवर, आणि मग पुन्हा तेच डाग.

"बाई," ते अजिजीनं म्हणाले, "उद्यापन करू नका."

"असं कसं? फळ मिळालं, आता धरून ठेवलं तर लोभ होतो."

"मग दुसरं धरा. हेच, असंच, वीस ग्रॅम."

"धरीन की. पण कशासाठी? कारणाशिवाय संकल्प सोडता येत नाही, डॉक्टर. गायीपुढे उभं राहून म्हणायचं काय?"

भिकन म्हणाला, आई, माझ्या प्रमोशनसाठी. समाधान म्हणाला, पुनमच्या पाठीसाठी. द्रौपदाबाईंनी दोघांना हातानंच गप्प केलं. मागणाऱ्यानं स्वतः, मनापासून मागायचं असतं, आणि इथे मागणारे डॉक्टर होते. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या छातीतली टिकटिक खोलीत स्पष्ट ऐकू येत होती.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, शिल्पाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "माझी साखर," ते म्हणाले. "तीन महिन्यांची सरासरी नऊ येते. सातवर आली पाहिजे."

"गोळ्या घेता?"

"घेतो. अधूनमधून विसरतो."

"नाव आणि गोत्र सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. द्रौपदाबाईंनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं, ओठातल्या ओठात संकल्प म्हटला आणि पाणी कुंडीतल्या रोपाला सोडलं. मग पदराला हात पुसत, त्याच हळू आवाजात, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "पथ्य मात्र तुम्हाला पाळावं लागेल. व्रत माझं असलं तरी साखर तुमची आहे. संध्याकाळी किती वाजता चालायला जाता?"

"जात नाही."

"सहाला जा. मी सहाला गोळी घेते. दोघांचं एकदम होईल."

डॉक्टरांनी मान हलवली आणि हातातला पेढा समाधानच्या हातावर ठेवला.